खोड बोलून सोडलेलं

आमच्या सासऱ्यांनी विकलेली गाय कधी परत आली नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि ते खरंही होतं. चाकूरच्या पलीकडे आमचं सासरचं गाव. घरची काळी जमीन होती, पण मामांचं नाव होतं ते देवणी गायींमुळे. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. कालवड वाढवायची, गाभण जाऊन व्याली आणि चांगली दुधावर आली की हाळीच्या बाजारात न्यायची, हा त्यांचा धंदा. कर्नाटकातले शेतकरी त्यांची वाट बघत थांबायचे.

जनावरांच्या बाजारात बोली असते. बोली म्हणजे तोंडी हमी. गाय लाथ मारत नाही, पान्हा चोरत नाही, चारही सड चालू आहेत, हे विकणारा चारचौघांत बोलतो. पुढे लपवलेली खोड निघाली तर गाय परत. पण खोड सांगून विकली असेल तर घेणाऱ्याला ती परत करता येत नाही, आणि पुढे ती गाय लक्ष्मी निघाली तरी देणाऱ्याला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. खोड बोलून सोडलेलं जनावर सुटलं ते सुटलं. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला बाजारात कुणी बसायला जागा देत नाही.

मी नांदेडची. वडील आठवडी बाजारात भांडी विकायचे आणि मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून त्यांच्या शेजारी पोत्यावर बसायचे. गिऱ्हाईक पातेल्याला हात कसा लावतं त्यावरून ते घेणार की नुसतं वाजवून जाणार, हे मला कळायचं. बाजार माझ्या अंगात आहे आणि संतापही. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की तुमच्यात तोंड चालतं, आमच्यात दावण चालते. मी ते ऐकून घेतलं. पुढे जे ऐकून घेतलं त्याच्या मानानं हे काहीच नव्हतं.

मुलगा अंगावर पीत होता तोवर लोण्याच्या गोळ्यासारखा होता. उष्टावणाला माझा भाऊ नांदेडहून चांदीची वाटी घेऊन आला. पहिला घास पोराच्या मामाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या हातचा, अशी रीत. घरच्या गायीच्या दुधाची खीर त्यानं बोटानं चाटवली, मग चमच्यानं भरवली. पोरानं मिटक्या मारल्या, सगळे हसले. पंगत उठली, पाहुणे पान खाऊन कलंडले, आणि मग पोरगा ओकायला लागला. खीर पडली, पाणी पडलं, पिवळं पडलं, आणि तरी पोट आत ओढलं जात होतं. शेवटी मान टाकून तो माझ्या मांडीवर पसरला. ओठ राखेसारखे झाले होते. उचलला तर हात नुसता लोंबायचा.

चाकूरच्या दवाखान्यात सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी परत आलो. उष्टावणाचं शीत जमिनीवर सांडलं म्हणून असेल, दृष्ट लागली असेल, अशी चर्चा झाली आणि सासूबाईंनी निकाल दिला, "तुझ्या भावाचा हातच जड." माझा भाऊ ते ऐकत ओसरीवर उभा होता. त्यानं चांदीची वाटी तिथेच ठेवली आणि तो गेला. पुढे कितीतरी दिवस तो माझ्या मुलाला जवळ घेताना हात धुऊन यायचा.

नंतर खिरीचं सोडलं आणि वरचं दूध सुरू केलं. पुन्हा तेच. प्यायच्या वेळी हसणारं पोर, दुपार टळताना चिंधी. दूध आणि ओकारी यांच्यामध्ये दोन-तीन तासांचं अंतर असायचं, त्यामुळे दुधाचं नाव कुणी घेईना. मी घेतलं. तेव्हा घरातल्यांनी दुधाचा नाही, गायीचा विचार केला. हिचं दूध जड असेल, तिचं देऊन बघा. तिचं दिलं. मग कुणीतरी म्हणालं, पहिलटकरणीचं बाधतं, जुन्या गायीचं द्या. तेही दिलं. मग मामांनी मुद्दाम कंधारकडून एक लाल कंधारी आणली, तिचं दूध हलकं असतं म्हणून. दर वेळी नवी गाय, नवं फडकं, नवं सलाईन. पोराच्या मनगटावर सुईला जागा उरली नव्हती. बाजारात गाय पारखतात तसं ते एकेक गाय पारखत होते, आणि पारखायचं भांडं माझं पोर होतं.

शेवटी मी त्याला लातूरच्या एका बालरोगतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी मला तास न् तास बोलतं केलं असं काही नाही. बाहेर रांग होती. त्यांनी एवढंच विचारलं की दूध कधी दिलं आणि ओकला कधी, आणि ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले की दुधातलं प्रथिन याच्या आतड्याला सोसत नाही. ही अॅलर्जीच आहे, पण लगेच पुरळ उठणारी नव्हे; ही पोटात उशिरा उठते, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. गाय कोणतीही असो, देवणी असो की जर्सी. म्हशीचं नको, शेळीचंही नको. दही नको, खवा नको, दुधाचं बिस्किट नको. बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात, पण तोवर थेंबही नको. अंगावरचं चालत होतं, ते चालू ठेवा.

मी तो कागद मामांपुढे ठेवला. त्यांनी वाचला नाही. तंबाखू मळत विचारलं, "त्या डाक्टरच्या दारात गाय हाय का?"

नाही म्हटलं.

"मंग त्याला काय कळतंय दुधातलं?"

ओसरीवरचे लोक हसले. माझा नवराही हसला. तो तेव्हा लातूरला खताच्या दुकानात कामाला होता, दोन दिवसांनी घरी यायचा आणि बापाच्या हसण्यात हसायचा. रात्री मात्र मला म्हणाला की तू म्हणतेस तसंच करू, फक्त मामांना दुखवू नकोस. मला वाटलं, मिटलं. मी स्वयंपाकघरात दुधाची भांडी वेगळी केली, पोराला नाचणीची पेज, मुगाचं वरण, भाताची पेज सुरू केली. पोराच्या गालावर पुन्हा रंग आला.

तो चालायला लागला तसं मामांनी त्याला बाजारात न्यायला सुरुवात केली. डोक्याला फेटा बांधायचा, टेम्पोत पुढे बसवायचं. धाकले मालक म्हणायचे त्याला. मला बरं वाटलं, हेही सांगते. आजोबा नातवाला घेऊन मिरवतोय, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? पण बाजारातून आला की तो संध्याकाळी मान टाकायचा. मामा म्हणायचे, धूळ लागली. कधी म्हणायचे, उसाचा रस प्याला. कधी गुडदाणी. मी सोबत डबा द्यायचे, तो तसाच परत यायचा. टेम्पोवाल्याला विचारलं तर तो टायर बघायला खाली वाकला.

मग एक दिवस बसवकल्याणकडचा एक शेतकरी घरी आला. आमची गाय त्यानं नेली होती, आता दुसरी बघायला आला होता. चांगला माणूस. माझ्या पोराला अंगणात बघून त्याचा चेहरा फुलला. मला म्हणाला, "ताई, ह्योच का तो दूध पिणारा मालक? आजोबांनी सडाखाली वाटी धरली, ह्यानं गटागटा पेली. ते बघितलं आन् मी रुमालात हात घातला."

रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, ते तो सांगत होता.

तेव्हा मला कळलं. मामांची बोली ती होती. इतर लोक शपथा घेत, मामा शपथ घेत नसत. फेसाळलेल्या धारेची वाटी ते नातवाच्या तोंडाला लावत आणि गिऱ्हाइकाकडे बघत. ज्या गायीचं दूध माणूस आपल्या एकुलत्या नातवाला पाजतो, तिच्यात खोड कुठली? आणि बाजार उठेपर्यंत पोराला काही होत नसे. गिऱ्हाईक गाय घेऊन सीमेपार निघून गेलेलं असायचं, मामा पैसे कनवटीला लावून ओसरीवर टेकलेले असायचे, आणि ओकाऱ्या माझ्या पदरात सुरू व्हायच्या. त्यांनी त्या कधी धड बघितल्याच नाहीत. ते तेव्हा जेवत असायचे.

मी पाण्यानं भरलेली कळशी ओसरीवर आपटली. त्या घरात सुनेनं कळशी आपटल्याचं अजून सांगतात. का आपटली ते कुणी सांगत नाही. मामांनी तंबाखूची चंची उघडली. सासूबाई बोलल्या, आणि अगदी शांतपणे बोलल्या, "पितंय की तिथं हसत. आजाच्या कडेवर कुटं ओकतंय? तुझ्याजवळ आलं की बरं ओकतंय."

हे वाक्य दोन दिवसांत गावभर झालं. दुधाच्या आणि ओकारीच्या मधले ते दोन-तीन तास, ज्यांच्यावरून डॉक्टरांनी रोग ओळखला होता, तेच माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले. नळावर एकीनं मला विचारलंसुद्धा की पोराला काय चारतेस गं, माहेरी जायचं असेल तर सरळ जा ना. मी तिची घागर लाथेनं उलटी केली. त्यानं माझं म्हणणं खरं ठरलं नाही, पण तिचे पाय ओले झाले.

त्यानंतर मी पोराला सोडत नव्हते. तरी सासूबाईंचं पोट दुखतंय म्हणून मला चाकूरला औषधाला पाठवलं आणि पोर बाजारात गेलं. त्या वेळी सलाईनसाठी शीर सापडेना. लातूरच्या डॉक्टरांनी पायात, डोक्यात शोधली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की पुढच्या वेळी तुम्ही वेळेत पोचाल याची खात्री मी देत नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता. नवरा भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, घेऊन निघायचं का? तो म्हणाला, "बाबा पोराला सोडतील का?"

त्याचं बरोबर होतं. मी निघते म्हटलं असतं तर त्यांनी माझी पिशवी भरून दिली असती. पोरगा मात्र घराचा होता. तो उचलून पळाले असते तर चार माणसं जीप घेऊन नांदेडला आली असती आणि माझ्या वडिलांच्या दारातून त्याला घेऊन गेली असती. पोलीस, कोर्ट, पंच, सगळीकडे ते म्हणाले असते की बाई पोराला काहीतरी चारते, आणि गाव मान डोलावून हो म्हणालं असतं. तो मला असा पाहिजे होता की मागून कुणी हक्क सांगणार नाही. म्हणजे तो मामांनी स्वतः सोडायला हवा होता. मी त्यांच्यासारखीच तापट आहे; तापट माणूस कुठल्या शब्दाला पेटतो हे मला शिकवावं लागत नाही.

त्या हंगामात दावणीला एक गाय होती, अंग पांढरंशुभ्र आणि तोंड काळं. तशी गाय मामांनी पुन्हा केली नाही. तिला बाजारात नेण्याआधीच गिऱ्हाईक दारात आलं. दलाल आला, उदगीरकडचे दोघं भाऊ आले, शेजारपाजारचे बघायला जमले. रुमाल पडला, बोटं चालली, आणि भाव शेवटच्या थोड्या रकमेवर अडला तेव्हा मामांनी हाक मारली, "धाकल्या मालकाला आणा रे."

मी त्याला स्वतः कडेवर घेऊन गोठ्यात गेले. डोक्यावर पदर होता. सून पुरुषांच्या घोळक्यात आली म्हणून सगळे जरा सरकले. मामा वाटी घेऊन खाली बसले होते.

मी म्हटलं, "पाजा मामा. पण पाहुण्यांनी दिवस मावळेपर्यंत थांबायचं. अर्धी बोली बघून जायचं न्हाई."

मी एक थेंबही पाजू दिला नसता. पण जे द्यायचंच नाही ते आधी पुढे करायचं, हे मी भांड्यांच्या पोत्यावर शिकले होते.

थोरल्या भावानं विचारलं, मावळेपर्यंत कशाला? मी सांगितलं, हेच दूध पिऊन हे पोर दिवस मावळताना दवाखान्यात असतं, मनगटं बघा. मी पोराची बाही वर केली. सुयांचे काळे-निळे डाग त्यांनी बघितले. धाकट्या भावानं रुमालाखालून हात काढून घेतला. 

मामा उठले. वाटी त्यांच्या हातातच होती. "काय बोलायलीस? माझ्या गायीत खोड हाय?"

"मी गायीचं नाव घेतलं न्हाई. दूध पोटात ठरत न्हाई एवढंच म्हणाले. खोड कुठं हाय ते तुम्ही सांगा."

मी त्यांच्यापुढे दोनच दारं ठेवली होती. एका दारात गाय उभी होती, दुसऱ्यात नातू. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की क्षणभर तरी ते थांबतील. ते थांबले नाहीत.

"गायीत खोड न्हाई," ते म्हणाले. "खोड ह्या पोरात हाय. आईकडून आलेली हाय. असलं खोडीचं वासरू दावणीला ठेवतंय कोण?"

"पुन्हा बोला मामा, पाहुण्यांना ऐकू आलं न्हाई."

त्यांनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. दलालानं मान खाली घातली. त्याला कळलं होतं. मी त्याच्याकडेच बघून म्हटलं, "ऐकलंत ना? खोड बोलून सोडलंय. आता परत मागायचं न्हाई."

 मी तशीच, पायात चप्पल नसताना, फाट्यापर्यंत आले. मागून कुणी आलं नाही. येणार कसं? बाजारात बसायची जागा गेली असती. एसटी आली तेव्हा पोरानं खिडकीतून हात हलवला. आपण बाजारालाच चाललोय असं त्याला वाटत होतं.

मला आजही जे गिळता येत नाही ते पुढचंच आहे. माझ्या मागे सौदा मोडला असेल असं मला वाटलं होतं. तो मोडला नाही. आजोबानं चारचौघांत खोड पोराच्या अंगावर टाकली म्हटल्यावर उदगीरच्या भावांची शंका फिटली. गाय साफ ठरली. त्यांनी रुमालात पुन्हा हात घातला आणि मी फाट्यावर पोचायच्या आत काळ्या तोंडाची ती गाय टेम्पोत चढली. म्हणजे माझ्या पोराची खोड बोलून मामांनी गाय खपवली. हे मला नवऱ्यानं सांगितलं, वर्षभरानं तो नांदेडला माझ्याकडे कायमचा आला तेव्हा.

नांदेडमध्ये मी वडिलांचं पोतं पुन्हा पसरलं. आधी आठवडी बाजार, मग गाडा, मग भाड्याचं दुकान, आता स्वतःचं. भांड्यांच्या कंपनीच्या माणसाला मी भावात घाम फोडते, नवरा गल्ल्यावर बसतो आणि मवाळ बोलतो. दोघांचं मिळून बरं चालतं. पोराला सोयाबीनची पावडर, वरण, शेंगदाण्याचं कूट, भाकरी यावर वाढवलं. देवळातला पेढा त्याच्या हातावर पडला की मी काढून घ्यायचे, आणि बायका म्हणायच्या, केवढी ही कजाग. असू दे. तो एकदाही सलाईनवर गेला नाही.

शाळेत जायला लागला त्याच्या पुढच्या वर्षी लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता बघू या. दवाखान्यातच, त्यांच्या समोर. सकाळी चमच्याच्या टोकाएवढं दूध, मग चमचाभर, मग थोडं जास्त. शेवटी अर्धी वाटी. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहायचं होतं. मी दाराच्या चौकटीला धरून बसले होते. तो कॉटवर गाडी फिरवत राहिला. दुपार टळली, ओठांकडे बघत होते, ओठ लालच. संध्याकाळी डॉक्टर हसून म्हणाले, सुटलात तुम्ही.

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं लगेच फोन काढला, गावी कळवायला. मी फोन त्याच्या हातातून घेतला.

कारण मला पुढचं स्वच्छ दिसत होतं. मामा ओसरीवर म्हणणार, बघा, काही नव्हतंच. सासूबाई म्हणणार, आईच काहीतरी चारत होती, आता थांबली. नळावरची बाई मान डोलावणार. पोर बरं झालं हाच त्याचं दुखणं खोटं होतं याचा पुरावा ठरणार. आणि खोड गेली म्हटल्यावर, धाकल्या मालकाला आता घरी आणा, असा निरोप येणार. सोन्याची निघालेली गाय परत मागायची नसते, हे त्यांनाही ठाऊक आहे; पण बाजारातला कायदा ते घरात पाळतील याची हमी मला कोण देणार? मी नवऱ्याला बजावलं, पोरालाही समजावलं. नांदेडात दूध, दही, आईस्क्रीम, काय हवं ते. गावी गेल्यावर थेंब नाही.

मागच्या वर्षी दिराच्या लग्नाला गेलो. मामा थकलेत. एका डोळ्यानं नीट दिसत नाही, दावणीला दोनच जनावरं उरली आहेत. आम्ही निघायच्या दिवशी एक गाय नुकतीच व्यालेली होती आणि सासूबाईंनी चिकाचा खरवस केला होता, वेलदोडा घालून. मामांनी वाटी घेतली आणि पोराला जवळ बोलावलं. धाकले मालक म्हणायची सवय गेली नव्हती. त्यांनी वाटी पुढे केली. मला वाटतं, माफी मागायची त्यांची रीत तेवढीच होती. त्याहून जास्त त्यांना येत नाही.

"आता तरी चालतंय का रे?"

पोरानं माझ्याकडे बघितलं. त्याला खरवस फार आवडतो. मी त्याच्याकडे बघतच राहिले, मान हलवली नाही.

"चालत न्हाई, आजोबा," तो म्हणाला.

मामांनी वाटी खाली ठेवली. जरा चाचपडत ठेवली, कठड्यावर नीट बसेना. मग माझ्या बाजूला तोंड करून म्हणाले, "तेव्हा खरंच ओकत व्हतं का गं ते?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला हे विचारलं होतं. मला हो म्हणता आलं असतं. आता बरा आहे, घ्या, भरवा, असंही म्हणता आलं असतं. मी पिशवीची चेन लावली आणि म्हटलं, "मामा, सोडलेल्या जनावराची चौकशी करत नसतात."

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा पोरानं हॉटेलात खरवस आहे का विचारलं. तो नव्हता. मी त्याला लस्सी घेऊन दिली, मोठा ग्लास. लस्सीच्या मिशा पुसत तो म्हणाला की आजोबांकडचा खरवस नक्कीच चांगला असणार, त्याला वरून साय आली होती.

असेल, मी म्हटलं, आणि त्याला अजून एक ग्लास सांगितला.